घड्याळ स्थिर आहे, म्हणजे बरोबर आहे का?

सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातून आलेल्या एका बातमीने भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडवली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून सोडलेले न्यूट्रिनो कण जमिनीखालून ७३० किलोमीटरचा प्रवास करून इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या प्रयोगशाळेत पोहोचत होते. प्रकाशाला एवढ्या अंतरासाठी सुमारे २.४ मिलिसेकंद लागतात. 'ऑपेरा' नावाच्या प्रयोगात हे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. हे मोजमाप खरे असते तर आइनस्टाइनच्या सिद्धांताचा पायाच हलला असता.

या मोजमापाचा सगळा भार दोन घड्याळांवर होता. एक जिनिव्हात, दुसरे इटलीत. कण निघाल्याची वेळ एका घड्याळाने सांगायची, पोहोचल्याची दुसऱ्याने. दोन्ही घड्याळे एकमेकांशी जुळलेली नसतील तर वजाबाकीला काही अर्थ उरत नाही. ही जुळणी जीपीएस उपग्रहांच्या मदतीने केली होती. साहजिकच पहिला संशय उपग्रहांवर गेला. वीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारा क्षीण संदेश, वाटेत वातावरण, दोन देशांतली दोन यंत्रे. चूक तिथेच असणार, असे अनेकांना वाटले.

प्रत्यक्षात तो दुवा निर्दोष निघाला. स्वित्झर्लंड आणि जर्मनी या देशांच्या राष्ट्रीय मापनसंस्थांनी तो तपासला होता. जर्मन संस्थेने स्वतःचे यंत्र दोन्ही ठिकाणी नेऊन केलेल्या पडताळणीत फरक दोन-तीन नॅनोसेकंदांच्या घरातच आला. चूक सापडली ती डोंगराखाली. जमिनीवरच्या जीपीएस यंत्राकडून भुयारातल्या संगणकाकडे वेळ आणणारी सुमारे आठ किलोमीटरची ऑप्टिकल फायबर होती. तिचे शेवटचे टोक नीट घट्ट बसवलेले नव्हते. त्यामुळे वेळेचा संदेश सुमारे ७३ नॅनोसेकंद उशिरा पोहोचत होता. दुसरी एक लहान त्रुटी उलट दिशेने होती. दोहोंचा हिशेब केल्यावर न्यूट्रिनो पुन्हा प्रकाशाच्या मर्यादेत आले.

या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा तपशील फारसा चर्चिला गेला नाही. ही त्रुटी २००८ पासून २०११ च्या अखेरीपर्यंत जवळजवळ तेवढीच राहिली होती. ती आज जास्त, उद्या कमी अशी नव्हती. तीन वर्षे हजारो कणांच्या नोंदी झाल्या, सरासऱ्या काढल्या गेल्या, आकडेवारीचे सगळे सोपस्कार झाले आणि प्रत्येक वेळी तेच चुकीचे उत्तर अधिक ठामपणे येत राहिले. चूक इतकी स्थिर होती की ती निसर्गाचा नियम वाटू लागली.

वैद्यकीय व्यवसायात हा प्रकार नवा नाही. बीपीचे एखादे यंत्र दरवेळी दहा अंक जास्त दाखवत असेल तर ते स्थिर आहे, पण अचूक नाही. दुसरे यंत्र एकदा १२०, लगेच १४०, पुन्हा ११० दाखवत असेल तर ते अस्थिर आहे. दुसऱ्याचा दोष दोन मिनिटांत लक्षात येतो आणि ते दुरुस्तीला जाते. पहिले मात्र वर्षानुवर्षे ओपीडीच्या टेबलावर बसून राहते, कारण त्याच्यावर कुणाला संशयच येत नाही. त्या यंत्रावर शंभर वेळा बीपी मोजून सरासरी काढली तरी ते दहा अंक जात नाहीत. ते पकडायचे तर दुसरे, वेगळे यंत्र शेजारी ठेवून ताडून पाहणे हा एकच उपाय. दूरच्या घड्याळांची जुळणी करणाऱ्यांना स्थिरता आणि अचूकता यांतला हा भेद पावलोपावली सांभाळावा लागतो.

ही जुळणी होते कशी? दोन गावांत दोन घड्याळे आहेत आणि मध्ये एका टेकडीवर तोफ उडते. दोन्ही गावांतली माणसे आवाज ऐकताच आपापल्या घड्याळातली वेळ लिहून ठेवतात. टेकडीपासूनचे अंतर ठाऊक असल्याने आवाजाला लागलेला वेळ वजा करता येतो. उरतो तो दोन घड्याळांतला फरक. तोफ उडवणाऱ्याचे घड्याळ चुकले असले तरी बिघडत नाही, कारण दोघांनी ऐकला तो आवाज एकच होता. टेकडीच्या जागी उपग्रह ठेवा, की झाली 'कॉमन व्ह्यू' पद्धत. अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या मापनसंस्थेतील डेव्हिड ॲलन आणि मार्क वाइस यांनी १९८० मध्ये ती जीपीएससाठी मांडली. आजही तिची सुधारित रूपे जगभर वापरात आहेत.

दुसरी पद्धत दुहेरी संदेशाची. दोन्ही प्रयोगशाळा एकाच दळणवळण उपग्रहामार्फत एकमेकींना एकाच वेळी संदेश पाठवतात. जाण्याची आणि येण्याची वाट जवळपास सारखीच असल्याने वाटेतला विलंब वजाबाकीत निघून जातो. भारताने या पद्धतीचा प्रयोग फार लवकर केला होता. सिम्फनी या फ्रान्स-जर्मनीच्या उपग्रहामार्फत दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि अहमदाबादचे अंतराळ उपयोग केंद्र यांच्यातली घड्याळे १९७० च्या दशकाच्या अखेरीस अशी ताडून पाहिली गेली होती. तेव्हा जीपीएस सर्वसामान्यांच्या कानावरही आले नव्हते.

या दोन्ही पद्धतींत अडचण एकच: वाट दिसते तेवढी सारखी नसते. जमिनीपासून काहीशे किलोमीटर उंचीवर आयनोस्फिअर नावाचा विद्युतभारित कणांचा थर आहे. उपग्रहाचा रेडिओ संदेश त्यातून जाताना रेंगाळतो, कधी काही नॅनोसेकंद, कधी कित्येक दहा नॅनोसेकंद. सूर्य तळपत असताना हा थर दाट होतो, रात्री विरळ. भारताच्या दक्षिण टोकावरून चुंबकीय विषुववृत्त जाते. थुंबाची निवड अग्निबाणांच्या प्रयोगांसाठी झाली ती याच कारणाने. त्याच्या उत्तरेला, गुजरात आणि मध्य भारताच्या पट्ट्यावर, या थराची घनता जगातल्या बहुतेक भागांपेक्षा जास्त असते आणि सूर्यास्तानंतर त्यात उलथापालथ होते. म्हणजे युरोप-अमेरिकेत जी जुळणी सुरळीत होते, तीच आपल्या आकाशाखाली जास्त कष्टाची असते. दोन वेगवेगळ्या कंपनसंख्यांचे संदेश एकाच वेळी ऐकून या विलंबाचा बहुतांश भाग काढून टाकता येतो. मात्र त्यासाठी यंत्र त्या दर्जाचे हवे आणि त्यामागे जाणकार माणूस हवा.

जमिनीवरच्या अडचणी याहून साध्या आणि म्हणूनच दुर्लक्षित. छतावरच्या अँटेनापासून खोलीतल्या यंत्रापर्यंतची केबल दर मीटरला सुमारे पाच नॅनोसेकंद खाते. ती उन्हात तापली की हा आकडा किंचित बदलतो. एसी बंद पडला की यंत्राच्या आतला विलंब सरकतो. दुहेरी संदेशाच्या नोंदींत तर दिवस-रात्रीची लय अनेक ठिकाणी स्पष्ट दिसते. माणसाचे तापमान पहाटे कमी आणि संध्याकाळी थोडे जास्त असते, तसाच हा प्रकार. पहाटेचे आणि संध्याकाळचे तापमान न बघता एकत्र केले तर तापाचा आलेख फसवा होतो. त्यामुळे 'हा दुवा किती स्थिर आहे?' या प्रश्नाला एकच आकडी उत्तर नसते. एका मिनिटासाठी किती, एका दिवसासाठी किती, महिन्यासाठी किती, असे वेगवेगळे विचारावे लागते. क्षणोक्षणीची थरथर सरासरीने कमी होते. हळूहळू होणारी घसरण सरासरीने जात नाही. उलट निरीक्षणाचा काळ वाढवला की तीच वरचढ होते. हे मोजण्याची आज सर्वमान्य असलेली गणिती पद्धत १९६६ मध्ये याच डेव्हिड ॲलन यांनी दिली.

पॅरिसजवळच्या सेव्र इथे आंतरराष्ट्रीय वजनमाप संस्था आहे. जगभरातल्या सुमारे ऐंशी संस्थांतल्या चारशेहून अधिक आण्विक घड्याळांच्या नोंदी उपग्रहमार्गे तिथे जमा होतात आणि त्यांतून जगाची समन्वित वेळ ठरते. दर महिन्याला प्रत्येक देशाचे घड्याळ या वेळेपेक्षा किती नॅनोसेकंद पुढे-मागे होते याचा तक्ता प्रसिद्ध होतो. भारताची नोंद दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा देते आणि भारतीय प्रमाणवेळ त्याच घड्याळांवरून, साडेपाच तास मिळवून, ठरते. कुणाचे घड्याळ किती चुकले हे दर महिन्याला नावानिशी जाहीर करण्याची ही शिस्त इतर सार्वजनिक सेवांनी उचलावी अशी आहे.

इतके सगळे असूनही बहुतेक जग वेळ घेते ती थेट जीपीएसकडून. मोबाइलचे टॉवर, विजेची उपकेंद्रे, बँकांचे संगणक या सगळ्यांना ती फुकट मिळते आणि उत्तम मिळते. फोर-जी, फाइव्ह-जीच्या अनेक जाळ्यांतल्या टॉवरना एकमेकांशी मायक्रोसेकंदाच्या पातळीवर, म्हणजे सेकंदाच्या दहालाखाव्या भागाइतके, जुळून राहावे लागते. फुकट आणि उत्तम गोष्टीची सवय लवकर लागते, आणि मग ती कधीतरी बिघडेल हा विचारच मागे पडतो.

२६ जानेवारी २०१६ रोजी ती बिघडली. अमेरिकेने जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढला आणि त्या कामात अनेक उपग्रहांवरून प्रमाणवेळेच्या हिशेबाचा एक चुकीचा आकडा प्रसारित झाला. चूक होती सुमारे १३ मायक्रोसेकंदांची. रस्ता दाखवणाऱ्या यंत्रांना काहीच जाणवले नाही. वेळेवर अवलंबून असलेल्या यंत्रांत मात्र कित्येक तास धोक्याच्या सूचना वाजत राहिल्या आणि ब्रिटनमध्ये बीबीसीच्या डिजिटल रेडिओ प्रसारणात व्यत्यय आला. ज्यांच्याकडे स्वतःचे चांगले घड्याळ किंवा वेळेचा दुसरा स्रोत होता, त्यांना 'जीपीएस आज काहीतरी वेगळेच सांगते आहे' हे ओळखता आले. ज्यांच्याकडे नव्हता त्यांना चुकीची वेळ हीच खरी वेळ होती.

भारताने स्वतःची नाविक प्रणाली उभारली, हे म्हणूनच योग्य पाऊल आहे. पण तिची वाट सोपी राहिलेली नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या तिच्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही आयात केलेली रुबिडियम घड्याळे निकामी झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच्या जागी सोडलेला उपग्रह उष्णतारोधक कवच न उघडल्याने वाया गेला. मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ या उपग्रहासोबत देशी बनावटीचे रुबिडियम घड्याळ आकाशात गेले, ही मोठी गोष्ट. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला त्याचा पुढचा भाऊ मात्र अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही. अशा अपयशांची थट्टा करण्यात अर्थ नाही; युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीतलीही अनेक घड्याळे बंद पडली होती. यातून निष्कर्ष निघतो तो इतकाच की, वेळेसाठी एकाच आकाशमार्गावर विसंबणे शहाणपणाचे नाही, मग तो मार्ग परका असो वा स्वदेशी.

केंद्र सरकारने जानेवारी २०२५ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सर्व कायदेशीर, प्रशासकीय आणि व्यापारी कामांसाठी बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदा लोकांपुढे ठेवला. अहमदाबाद, बंगळूरु, भुवनेश्वर, फरिदाबाद आणि गुवाहाटी इथल्या वैधमापन प्रयोगशाळांतून ही वेळ देशभर पोहोचवण्याची योजना आहे. 'एक देश, एक वेळ' ही घोषणा ऐकून काहींना ती केवळ घोषणाच वाटेल. मुंबईकरांनी आपला इतिहास आठवावा. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईत ३९ मिनिटे मागे असलेली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत तग धरून होती. एकाच शहरात रेल्वेची वेळ वेगळी आणि पालिकेची वेगळी, असा कारभार जवळपास अर्धे शतक चालला. वेळ कायद्याने ठरते, पण ती पाळली जाते की नाही हे त्या वेळेवर लोकांचा किती विश्वास आहे यावर ठरते.

म्हणून या नियमांत 'कोणती वेळ' याबरोबर 'कोणत्या दोन वाटांनी' हेही लिहिले जावे. एक वाट उपग्रहाची, दुसरी जमिनीखालच्या फायबरची. युरोपात पॅरिस आणि जर्मनीतले ब्राउनश्वाइग ही शहरे सुमारे १,४०० किलोमीटर फायबरने जोडून तिथली अत्याधुनिक प्रकाशीय घड्याळे ताडून पाहिली गेली आहेत. उपग्रहमार्गे इतकी बारीक तुलना शक्यच नव्हती, कारण घड्याळे आता त्यांना जोडणाऱ्या दुव्यापेक्षा कितीतरी सरस झाली आहेत. भारतात फायबरचे जाळे गावोगाव पोहोचते आहे. त्यातून वेळही वाहून नेता येते. दोन वाटा एकमेकींना तपासत राहिल्या तरच ऑपेरासारखी स्थिर चूक वेळीच उघडी पडते.

आता शेवटच्या टोकाकडे. ऑपेराने शिकवले ते हेच की आकाशातला दुवा निर्दोष असूनही भुयारातली सैल जोडणी सगळे बिघडवू शकते. भारतात अशी सैल जोडणी शोधायला डोंगराखाली जाण्याची गरज नाही. कोणत्याही मोठ्या रुग्णालयात चक्कर मारावी. कॅज्युअल्टीच्या भिंतीवरचे घड्याळ, मॉनिटरवरची वेळ, ईसीजीच्या कागदावर छापलेली वेळ, सीटी स्कॅनच्या चित्रावरची वेळ आणि नोंदणी खिडकीच्या संगणकावरची वेळ, या पाच वेळा क्वचितच जुळतात. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा सेकंद सहज सरकते. वर्षभर कुणी हात लावला नाही तर तीन मिनिटे. सेल बदलताना शेजारच्या घड्याळावरून लावले असेल तर त्याची चूकही यात आलीच.

हा फरक क्षुल्लक नाही. मेंदूला पक्षाघात झालेल्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचे असते. सीमेवरच्या रुग्णाबाबत दहा मिनिटेही निर्णय बदलू शकतात. हृदय बंद पडलेल्या रुग्णाला ॲड्रिनॅलिन दर तीन ते पाच मिनिटांनी द्यायचे असते. नवजात बाळाचा ॲप्गार गुणांक पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला लिहायचा असतो. अवयवदानाच्या कायद्यानुसार मेंदुमृत्यूच्या दोन तपासण्यांमध्ये किमान सहा तासांचे अंतर हवे. मध्यरात्रीच्या आसपास झालेल्या जन्माची तारीख, शाळेत प्रवेश घेण्यापासून निवृत्तीपर्यंत, माणसाचा पाठलाग करते. पुढे प्रकरण न्यायालयात गेले की वकील पहिले बोट ठेवतो ते वेळेवरच: 'सिस्टरांच्या नोंदीत ११.५२, ईसीजीवर ११.४४, मग डॉक्टर नेमके आले कधी?' दोघांनीही खरेच लिहिलेले असते. त्यांची घड्याळे वेगळी होती एवढेच. पण ते सिद्ध कसे करणार? आणि ज्या नातेवाइकांना आपल्या माणसाचे काय झाले हे जाणून घ्यायचे असते, त्यांनी यातल्या कोणत्या वेळेवर विश्वास ठेवायचा?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिका आणि कॅनडातल्या मोठ्या भागात वीज गेली, तेव्हा चौकशी करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न होता. शेकडो ठिकाणच्या यंत्रांत बिघाडाच्या नोंदी होत्या, पण अनेक यंत्रांची घड्याळे जुळलेली नव्हती. आधी काय कोसळले आणि नंतर काय, हा क्रम लावण्यातच प्रचंड श्रम गेले. चौकशी समितीने नोंदयंत्रांच्या वेळा जुळवण्याचा आग्रह धरला तो त्यामुळेच. रुग्णाचा केसपेपर हीसुद्धा अशीच घटनांची साखळी असते.

यावर कुणी म्हणेल की सरकारी रुग्णालयांत सलाईन आणि खाटा अपुऱ्या असताना घड्याळांची चिंता कशाला? आक्षेप रास्त आहे, पण या कामाला पैसे जवळजवळ लागत नाहीत. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा इंटरनेटवरून प्रमाणवेळ पुरवते. संगणकात एक पत्ता भरला की तो स्वतःच जुळत राहतो. सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत संगणक यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जोडण्यास सांगितलेलेच आहे. जी यंत्रे जाळ्याला जोडलेली नाहीत, ती महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी एका ठरलेल्या व्यक्तीने जुळवावीत आणि जुळवण्यापूर्वी किती फरक होता तो वहीत लिहावा. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. फरक लिहिला नाही तर गेल्या महिन्यातल्या नोंदींचा अर्थ लावता येत नाही. लिहिला तर चुकलेल्या घड्याळावरूनही खरी वेळ काढता येते. सेव्रची संस्था दर महिन्याला जगासाठी करते ते हेच.

रुग्णालयाला नॅनोसेकंदांची गरज नाही, त्याला अर्ध्या मिनिटाची अचूकता पुरे. पण दिल्लीतल्या सीझियम घड्याळापासून वॉर्डातल्या भिंतीपर्यंत ही एकच साखळी आहे, आणि तिच्या वरच्या टोकावर खर्च होणाऱ्या कोट्यवधी रुपयांचे चीज खालच्या टोकाला होते. वेळेचे नवे नियम अंतिम करताना केंद्राने उपग्रहासोबत दुसरी वाट सक्तीची करावी आणि राज्याच्या आरोग्य विभागाने प्रत्येक रुग्णालयासाठी घड्याळजुळणीची एका पानाची सूचना काढावी. त्यासाठी नव्या इमारतीची, निविदेची किंवा समितीची गरज नाही. एक वही आणि एक जबाबदार माणूस पुरेसा आहे.